पंडित काकांची बिनआवाजाची बंदूक

पंडित नगराळे काकांनी बंदूक घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांची अट एकच होती. तिचा आवाज होता कामा नये. बंदूक घ्यायची आणि आवाज नको, म्हणजे घरात सुकट भाजायची आणि वास नको म्हणण्यातला प्रकार. मी हे त्यांना तोंडावर म्हटलंसुद्धा. काका हसले आणि रस्त्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तू समोर पाहा बेटा. स्टॉप साइन आहे."

कारण हे बोलणं चाललं होतं त्यांच्या जुन्या निळ्या गाडीत, आणि गाडी मी चालवत होते. म्हणजे चालवायला शिकत होते. सत्त्याण्णवचा उन्हाळा तोंडावर आला होता. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी भीती अमेरिकेला पडली होती, आणि त्या भीतीवर आमचा संसार चालला होता. माझा नवरा प्रितम ते कॉम्प्युटर दुरुस्त करायला सकाळी गाडी घेऊन डॅलसला जायचा. मी अपार्टमेंटमध्ये. काम करायची परवानगी नाही, गाडीचं लायसन्स नाही, आणि टेक्ससमध्ये गाडी नसलेला माणूस म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली छत्री. नागपुरात स्कूटर उडवत फिरणारी मी इथे कोथिंबिरीसाठीसुद्धा शनिवारची वाट बघत होते आणि प्रितमवर विनाकारण खेकसत होते.

तेव्हा पंडित काका आले. आमच्या लोकांमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक बायकोला गाडी शिकवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांना पगार नको, चहाही नको. फक्त आपण चुकलो की ते ओरडायचे नाहीत, आणि याचा मला फार राग यायचा. गाडी फुटपाथवर चढली तरी ते शांतपणे म्हणायचे, "हं, आता उतरव." असा माणूस बंदूक घ्यायला निघाला होता.

काका मूळचे भिवापूरकडचे. शिकून इंजिनिअर झाले, सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले, आणि जन्मभर त्यांनी माती तपासली. रस्ता बांधायच्या आधी खालची माती किती फुगेल, किती आकसेल, हे सांगायचं त्यांचं काम. आता ते आठवड्यातून दोनच दिवस कामाला जात. डॅलसजवळच्या फ्रिस्को गावाबाहेर त्यांनी एकरभर जमीन आणि घर घेतलं होतं, त्याची गोष्ट कमला काकू अजून रंगवून सांगतात. त्या दिवशी एजंट बाई काकूंना ओटा दाखवत होत्या, कपाटं उघडून दाखवत होत्या, आणि काका कुठे दिसेनात. शेवटी सापडले मागच्या शेतात, उकिडवे बसलेले. काळी माती, आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा. आपल्याकडे कपाशीच्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा. इथेही पूर्वी कापूसच पिकायचा. काकांनी मुठीत ढेकूळ घेतलं, फोडलं, आणि तिथूनच काकूंना ओरडून सांगितलं की घर पसंत आहे.

"ह्यांनी घर पाहिलंच नाही गं," काकू म्हणायच्या. "भेगा पाहिल्या आणि घर घेतलं."

त्या मातीत काकांना एकच गोष्ट लावायची होती. पोपट. पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगायला हवं, हे पक्षी नव्हेत. वालाच्या शेंगांचा आमच्याकडचा प्रकार आहे, त्यातल्या हिरव्या दाण्यांची भाजी करतात, आणि ती खाल्लेला माणूस परमुलुखात गेला तर त्याला आईच्या आधी ती आठवते. काकांच्या मायनं अंगणातल्या वेलाचं बी त्यांच्या कोटाच्या खिशात घातलं होतं, पहिल्यांदा देश सोडताना. तेव्हापासून दरवर्षी ते लावायचं, खायचं, आणि पुढच्या सालासाठी दाणे राखायचे. भाड्याच्या घरांमागे, कुणाच्या कुंपणावर, कुठे कुठे त्यांनी तो वेल जगवला. माय गेली, तिकडचं अंगण गेलं, तिथे आता कुणाच्या तरी मोटारसायकलचं शोरूम आहे. ते बी जगात आता फक्त पंडित काकांच्या घरी होतं, काचेच्या बरणीत.

आणि पहिल्याच वर्षी सगळा वेल सशांनी खाल्ला.

टेक्ससचे ससे दिसायला फार गोड. करडे, शेपटीला कापसाचा गोंडा. सकाळी आणि संध्याकाळी हिरवळीवर असे बसतात की वाटावं, कुणीतरी शोभेला ठेवलेत. पण कोवळी पोपटाची पानं दिसली की मग बघा. देठापासून साफ. काकांनी सगळे उपाय केले. मिरचीपूड टाकली, तीही भिवापुरी. न्हाव्याकडून पिशवीभर केस आणून पसरले, कारण माणसाच्या वासाने म्हणे ससे पळतात. प्लॅस्टिकचं घुबड उभं केलं, त्याच्या डोक्यावर चिमण्या बसू लागल्या. जाळीचं कुंपण घातलं, चांगलं वीतभर जमिनीत पुरून. पण माती पडली काळी. ऊन तापलं, भेगा पडल्या, जाळी वर उचलली गेली आणि खालून सशांना राजरस्ता झाला. ज्या भेगांवर भाळून घर घेतलं त्याच भेगांनी दगा दिला, हे काका स्वतःच हसत सांगायचे. पण या वेळी हसणं ओठांपुरतं होतं. बरणीतलं उरलेलं बी त्यांनी या दुसऱ्या वर्षी सगळं पेरलं होतं, कारण बी जुनं होत चाललं होतं आणि आणखी वर्षभर ठेवलं तर उगवेल याची खात्री नव्हती. हे गेलं की संपलं.

ऑस्टिनला कॉलेजात असलेल्या त्यांच्या मुलीला, पायलला, त्यांनी फोनवर विचारलं, सशाला मारायचं म्हटलं तर. तिकडून उत्तर आलं, "बाबा! इट्स अ बनी!" आणि फोन बंद. त्यानंतर काकांनी घरात हा विषय काढला नाही. माझ्याजवळ काढला, गाडीत, कारण स्टीअरिंगवर बसलेला शिकाऊ माणूस पळून जाऊ शकत नाही.

"आवाज कशाला नको?" मी विचारलं.

"शेजारच्या बाईचा घोडा आहे. बिचकतो."

"आणि काकू?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले. "तिला सांगू नको," ते म्हणाले.

तर असं झालं, की माझे ड्रायव्हिंगचे धडे हळूहळू एकाच दिशेला जाऊ लागले. गावाबाहेर वेल्डन नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान होतं. गुरांचा चारा, खिळे, बी-बियाणं, गमबूट, आणि मागच्या भिंतीला ओळीने बंदुका. आपल्याकडे किराण्याच्या दुकानात एका बाजूला छत्र्या टांगलेल्या असतात तितक्या साधेपणाने. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा काकांच्या मागेच उभी राहिले. वेल्डनच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं आणि तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा. काकांनी हळू आवाजात सांगितलं की त्यांना आवाज न करणारी बंदूक हवी आहे. वेल्डन अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आवाज न करणारी? कोणासाठी, शेजाऱ्यासाठी की बायकोसाठी?"

"घोड्यासाठी," काका म्हणाले. वेल्डनने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. त्याला एका वाक्यात सगळं कळलं होतं.

आधी त्याने विचारलं घर गावाच्या हद्दीत आहे का बाहेर, कारण हद्दीत गोळी झाडायला बंदी होती. काकांचं घर बाहेर होतं, रस्त्याच्या पलीकडे. मग निवड सुरू झाली, आणि मी पंडित काकांना ओळखत असूनही थक्क झाले. माती तपासणारा माणूस बंदूकही तशीच तपासत होता. वेल्डनने हवेच्या दाबाची छर्र्याची बंदूक पुढे केली, सगळ्यात कमी आवाज हिचा. काकांनी ती खांद्याला लावून पाहिली, विचारलं की ससा एका छर्र्यात जागच्या जागी मरेल का. वेल्डन म्हणाला, जवळून, नेम चांगला असेल तर. काकांनी ती परत दिली. "जखमी होऊन बिळात जाऊन मरेल," ते मला म्हणाले. "ते नाही चालणार."

मग पॉइंट टू-टू. हे नाव काढताच काकांचा चेहरा बदलला. चीनच्या लढाईनंतर नागपूरच्या कॉलेजात सगळ्यांना एनसीसी सक्तीची होती, आणि तिथे त्यांनी हीच रायफल चालवली होती. हाफ पँट, मोठाले बूट, आणि पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. "मी बेस्ट शॉट होतो," काका म्हणाले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी मला कळलं की या खरेदीत फक्त सशांचा हात नाही.

वेल्डन बाहीला हात पुसत समजावत होता. गोळी आवाजाच्या वेगाहून हळू गेली की फटाक्यासारखा कडाका होत नाही. त्यासाठी वेगळ्या, कमी दारूच्या गोळ्या मिळतात. नळी लांब असली की आवाज आणखी मरतो. आणि एकेक गोळी हाताने सरकवायची रायफल घ्यावी, आपोआप भरणाऱ्या रायफलीची खटखट त्या गोळीपेक्षा मोठी असते. काका मान हलवत ऐकत होते. तीन-चार फेऱ्या झाल्या. दरवेळी घरी जाताना मी पार्किंग शिकले का असं काकू विचारायच्या आणि काका म्हणायचे, "चालू आहे. कठीण आहे पार्किंग." मी मान खाली घालून पोहे खायचे.

शेवटी त्यांनी एक जुनी, वापरलेली रायफल निवडली. लांब नळीची, अक्रोडाच्या लाकडाची, दस्त्यावर कुणाच्यातरी नखाचा ओरखडा. हळू गोळ्या तेवढ्या दुकानात संपल्या होत्या. वेल्डन म्हणाला, या आठवड्यात येतील, आल्या की फोन करतो, नंबर द्या. काकांनी सवयीने नंबर दिला.

परतताना रायफल मागे डिकीत, चादरीत गुंडाळलेली. मी गाडी अगदी हळू चालवत होते, आत बाळ झोपल्यासारखी.

"काका, एक विचारू?" मी म्हटलं. "दर महिन्याला तुम्हीच आम्हाला पंचशील देता. जीव घेणार नाही, हे त्यातलं पहिलंच."

"हं."

"मग?"

त्यांनी हाताने मला डावीकडे वळायची खूण केली. मग म्हणाले, "आपण मटण खातो ना? मागच्या महिन्यात तुझ्या घरी खाल्लं. दोनदा घेतलं मी. ते बकरं काय म्हातारं होऊन मेलं होतं?"

मला मटण आवडतं आणि मला असले प्रश्न आवडत नाहीत.

"आणि मायचं बी," ते म्हणाले. "ते गेलं तर मी कोणाकडे मागू? सांग. कोणाकडे जाऊन मागू?" त्यांचा आवाज एवढा साधा होता की मला भरून आलं. ते म्हणाले, "सोमवारी सकाळीच गोळ्या आणू. एक दोन मारले की बाकीचे येणार नाहीत." आणि मग पुन्हा, "तिला सांगू नको बरं."

त्या सोमवारच्या आधी रविवार होता, आणि तो महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी डॅलसच्या आसपासची आमची माणसं काकांच्या घरी जमायची. कुणी नर्स, कुणी कॉम्प्युटरवाले, एकजण बँकेत, एकजण पीएचडी करता करता केस पांढरे झालेला. दिवाणखान्यातलं टीव्हीचं टेबल रिकामं व्हायचं, त्यावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. पांढऱ्या कपड्यातली वीसपंचवीस माणसं गालिच्यावर हात जोडून बसायची. पुढे पंडित काका. ते एक ओळ म्हणणार आणि मागून सगळे तीच ओळ म्हणणार. लहानपणापासून आम्ही असंच करत आलो आहोत. पुढचा जे म्हणेल ते मागच्याने म्हणायचं, डोळे मिटून. अमेरिकेत जन्मलेली पोरं अर्ध्या ओळी गिळतात, पण म्हणतात.

त्रिशरण झालं. नेहमीप्रमाणे काकांनी थोडा श्वास घेतला. आता पंचशील. पहिलं शील, जीव घेण्यापासून दूर राहण्याचं.

काकांनी दुसरं म्हटलं.

न दिलेली वस्तू न घेण्याचं शील. सरळ तिथूनच सुरुवात. आणि मागची सगळी माणसं काय करणार? त्यांनी मागून तेच म्हटलं, शांतपणे, डोळे मिटून. मग तिसरं. चौथं. पाचवं. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. पीएचडीच्या लक्षात आलं नाही, प्रितमच्या लक्षात आलं नाही. मी मात्र डोळे उघडून काकांच्या पाठीकडे बघत होते. सदऱ्याखाली त्यांचे खांदे ताठ झाले होते. घेतलेलं शील मोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण उद्या मोडणार आहे म्हणून आज घ्यायचंच नाही, असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आता फक्त शेवटचं 'साधु' म्हणायचं राहिलं होतं. तेवढ्यात मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, काकूंचा आवाज आला. त्या गॅसवर लक्ष ठेवायला नेहमी दारातच बसायच्या. त्या म्हणाल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून:

"पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि."

तेच गाळलेलं पहिलं शील. सवयीची माणसं. कुणी पुढून म्हटलं की मागून म्हणायचं, आता पुढचं मागे झालं होतं एवढाच फरक. सगळ्यांनी ते काकूंमागून म्हटलं. मीही म्हटलं. फक्त एक आवाज त्यात नव्हता.

काकू थांबल्या. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, तशीच, जराही न चिडता. या वेळी कुणीच काही बोललं नाही, कारण आता सगळ्यांचे डोळे उघडले होते. कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या नाहीत.

पंडित काकांनी मान खाली घातली. आणि बायकोमागून, एकट्याने, त्या खोलीत सगळ्यांसमोर त्यांनी पहिलं शील घेतलं. आवाज फारसा फुटला नाही, पण शब्द सगळे ऐकू आले.

जेवताना कुणी काही विचारलं नाही. आमच्या लोकांना भांडायला भरपूर येतं, पण केव्हा गप्प बसायचं तेही येतं. काका सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते, आणि गंमत म्हणजे त्यांचा चेहरा महिन्याभरात प्रथमच मोकळा दिसत होता. मी भांडी घासायला काकूंजवळ गेले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी हळूच विचारलं.

"कसं म्हणजे? फोन आला ना गुरुवारी." काकूंनी पातेल्यावर तारेची घासणी जोरात फिरवली. "कुणी म्हातारा होता. एवढ्या मोठ्यानं ओरडून राहिला की मला रिसीव्हर दूर धरावा लागला. म्हणे, पंडितला सांगा, त्याच्या आवाज न करणाऱ्या गोळ्या आल्या."

मला हसू आवरेना. काकूही हसल्या, ओल्या हाताने पदर तोंडावर धरून. मग म्हणाल्या, "काही बोलले नाही मी. म्हटलं रविवार येऊ दे. बघू, पहिलं शील तोंडातून निघते का ह्यांच्या. निघालं असतं ना, आणि उद्या मारलं असतं, तर मग मी भांडले असते. जन्मभर भांडले असते. पण ह्यांनी ते गाळलं. तेव्हा म्हटलं, माणूस अजून जागेवर आहे. जरासा सरकला आहे, ओढून घेता येते."

"पण काकू, आपण मटण खातो ते?"

"खातो ना. आज पण खाल्लं." त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं. "तेवढा एक खोटेपणा आहे तो आहे. म्हणून दुसरा आणायचा का घरात? तोही चादरीत गुंडाळून?"

चादरीचंही त्यांना माहीत होतं.

सोमवारी सकाळी आम्ही रायफल परत करायला निघालो. मी स्टीअरिंगवर, शेजारी काका, मागे काकू. मी चालवत असलेल्या गाडीत काकू पहिल्यांदाच बसत होत्या आणि वाटभर दाराची मूठ घट्ट धरून होत्या. "पार्किंग कठीण आहे म्हणे," त्या मध्येच म्हणाल्या. काकांनी खिडकी खाली केली.

वेल्डनने चादर उलगडून रायफल पाहिली. नळी कोरी होती. "काय झालं पंडित?" तो गरजला. "आवाज फार झाला का?"

"फार," काका म्हणाले. "एकही गोळी न झाडता."

वेल्डनने काकूंकडे पाहिलं, टोपी काढली, आणि म्हणाला की रायफल परत घेतो, बदल्यात दुकानातलं दुसरं काहीही न्या. काका हताश उभे होते. त्यांना काहीच नको होतं, आणि जे हवं होतं ते दुकानात मिळत नव्हतं. घरी मागच्या वाफ्यात मायच्या बियांचे उरलेले कोंब उभे होते, बोटाएवढे, त्यातले किती सकाळपर्यंत टिकले तेही बघायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. काकू मात्र दुकान बघत फिरत होत्या. बादल्या, दोर, कोंबड्यांची भांडी, प्रत्येक गोष्ट हाताने ठोकून बघत. मागच्या आवारात त्या थांबल्या. तिथे पत्र्याचे मोठाले गोल हौद रचून ठेवले होते, कमरेच्या जरा खाली येतील एवढे उंच.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मी वेल्डनला विचारलं. गुरांना पाणी पाजायचे हौद, तो म्हणाला.

काकूंनी एका हौदाच्या काठावर हात ठेवला. "ससा ह्याच्यावर चढते का, विचार."

वेल्डन हसायला लागला. हसता हसता त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं. नाही, तो म्हणाला, ससा नाही चढत. शिडी दिली तरच. आणि खाली दोनचार भोकं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही.

काका त्या हौदाकडे असे बघत राहिले की मला त्यांची दया आली. कुंडीत लावा म्हणून काकूंनी त्यांना आधी सांगितलं नव्हतं असं नाही. पण मायचं बी काळ्या मातीत वाढलं पाहिजे, प्लॅस्टिकच्या कुंडीतल्या विकतच्या भुशात नाही, यावर ते अडून बसले होते. मातीच उचलून वर घ्यावी, हे जन्मभर माती तपासलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. "ही माती फुगते, आकसते," ते पुटपुटले. "पत्रा सोसेल का?" मग स्वतःच म्हणाले, "सोसेल."

वेल्डनच्या पोऱ्यांनी हौद त्याच्या ट्रकमधून आणून टाकले. त्याच संध्याकाळी प्रितम आणि आणखी दोघेतिघे ऑफिसच्या कपड्यांत फावडी घेऊन हजर. काळी माती हौदांत भरली. काकांनी एकेक कोंब मुळाभोवतीच्या ढेकळासकट उचलला, दोन्ही ओंजळीत धरून, आणि वर नेऊन ठेवला. बरेच खुडलेले होते. जे हिरवे होते त्यांच्यासाठी काकांनी बांबू रोवले. ससे थोड्या अंतरावर हिरवळीवर बसून सगळा सोहळा बघत होते. कुणीही त्यांना हाकललं नाही.

सगळे जगले असं मी म्हणणार नाही. पण जे जगले त्यांनी उन्हाळाभर असा जोर धरला की वेल बांबू सोडून घराच्या पन्हाळीला लागला. ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, आमच्या सगळ्या मंडळींना पोपटाची भाजी मिळाली. प्रत्येकाच्या वाट्याला वाटीच आली, पण पायलने ऑस्टिनहून येऊन तीनदा घेतली आणि विचारलं, "बाबा, व्हॉट्स इन धिस?" वेल्डनही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने वाटी पुसून खाल्ली. काकांनी पुढच्या सालासाठी बरणी भरली. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच बी वाटलंसुद्धा, पुड्या बांधून, घराघरात. एकाच घरी ठेवण्यात शहाणपण नाही, ते म्हणाले. माझी पुडी माझ्याकडे अजून आहे. दरवर्षी लावते.

मला लायसन्स मिळालं. काकांनी मला पार्किंग खरंच शिकवलं, ते एका दिवसात येतं.

आणि त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली, ती कुणी ठरवली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्रिशरण झालं की काका थांबतात. मागे, स्वयंपाकघराच्या दारातून, काकू पहिलं शील म्हणतात. पुढे बसलेले पंडित काका आमच्याबरोबर ते त्यांच्यामागून म्हणतात, मोठ्याने. मग दुसऱ्यापासून पुढे ते म्हणतात आणि आम्ही मागून. नवीन आलेली माणसं विचारतात की इथे असं का करतात. आम्ही त्यांना सांगतो, आमच्या फ्रिस्कोला अशीच पद्धत आहे.